महाडचे दोन ठराव आणि आमच्या गावचा सोमवारचा बाजार

एका लहान गावच्या नगरपरिषदेत मी सव्वीस वर्षे नोकरी केली आणि त्यांपैकी सतरा वर्षे माझ्याकडे सभा लिपिकाचे काम होते. सभेची विषयपत्रिका काढायची, सदस्यांना नोटिशी पोचवून त्यांच्या सह्या घ्यायच्या, चर्चेची टिपणे ठेवायची आणि सभा संपल्यावर प्रत्येक विषयाखाली ठराव लिहून तो पीठासीन अधिकाऱ्यांच्या सहीसाठी ठेवायचा, असे ते काम. ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव करण्यात येतो की’ हे शब्द हाताला इतके सवयीचे झाले होते की त्यांच्यापुढे जे लिहिले जाते ते उद्या कोणाच्या तरी दारात, गाड्यावर किंवा नळावर जाऊन पोचणार आहे, याची जाणीव राहत नसे. ती जाणीव मला एका सोमवारी झाली. त्या दिवसाविषयी आणि त्यानंतर मी जे वाचत गेलो त्याविषयी नीट लिहावे, असे पुष्कळ दिवस मनात होते.

आमच्या गावचा आठवडी बाजार सोमवारी भरतो. एस.टी. स्टँडपासून जुन्या वेशीपर्यंतच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाजीवाले, सुकी मासळीवाल्या, कुंभार आणि कापडाचे गठ्ठे घेऊन येणारे व्यापारी बसतात. रस्ता अरुंद आहे. एका सोमवारी बाळंतपणासाठी निघालेल्या एका बाईची रुग्णवाहिका या गर्दीत बराच वेळ अडकून पडली आणि पुढच्याच सर्वसाधारण सभेत बाजार गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत हलवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. कारण खरे होते, हे मी आजही म्हणेन. तो ठराव माझ्याच अक्षरात आहे. हे २०१७ साल होते.

तीन आठवड्यांनी अतिक्रमण पथक बाजारात उतरले. दुपारी एक पालेभाजीवाली बाई कार्यालयात आली. तिला मी लहानपणापासून ओळखतो, आमच्या घरी तिचीच मेथी येत असे. तिची टोपली उचलून गाडीत टाकली गेली होती. तिने कमरेची पिशवी सोडली आणि रबराने बांधलेला पावत्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. पातळ गुलाबी कागद, वर नगरपरिषदेचे नाव, खाली ‘बाजार फी’ आणि वसुली करणाऱ्याची सही.

“भाऊ, ही पावती तुमचीच ना?” ती म्हणाली. “दर सोमवारी तुमचा माणूस येऊन फाडतो. पैसे घेताना मी बाजारातली, मग आज अतिक्रमण कशी झाले?”

“मावशी, साहेबांना विचारतो,” एवढेच मी बोललो. साहेब बाहेरगावी होते. जप्त मालाच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती तो रजेवर होता. टोपली तिसऱ्या दिवशी मिळाली, तेव्हा मेथीच्या जुड्या काळ्या पडून त्यांतून पाणी सुटले होते. जप्त केलेला नाशिवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत दिला पाहिजे, असा कायदा होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. आमच्या कार्यालयात तो कायदा कोणी वाचलेला नव्हता. मीही वाचलेला नव्हता आणि त्याची खंत मला अजून आहे.

त्या प्रसंगानंतर मी मुळापासून वाचायला बसलो. लहान गावच्या नगरपरिषदेला लोकांच्या सार्वजनिक जगण्यावर अधिकार तरी किती आहे आणि तो तिच्याकडे कोणत्या नात्याने आला आहे, एवढाच प्रश्न होता.

महाराष्ट्रात या अधिकाराचा पाया म्हणजे १९६५चा नगरपरिषद अधिनियम. एक लाखावर लोकसंख्येची नगरपरिषद ‘अ’ वर्गात, चाळीस हजारांवरची ‘ब’ वर्गात आणि त्याखालची ‘क’ वर्गात येते. आमची ‘क’ वर्गातली. दिवाबत्ती, झाडलोट, गटारे, पाणी, स्मशान, जन्ममृत्यूची नोंद, बाजार, धोकादायक इमारती ही तिची आवश्यक कर्तव्ये, तर बागा आणि वाचनालये यांसारखी कामे ऐपतीप्रमाणे आणि इच्छेप्रमाणे करायची. १९९३च्या जून महिन्यात शहरी स्थानिक संस्थांना घटनेत स्थान देणारी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि त्यांच्याकडे सोपवता येतील असे अठरा विषय घटनेच्या बाराव्या अनुसूचीत आले. कोणते अधिकार प्रत्यक्ष द्यायचे हे मात्र राज्याच्या कायद्यावरच राहिले.

या अधिकाराला चारही बाजूंनी कुंपण आहे. गणपतीच्या मांडवाला जागेची परवानगी नगरपरिषद देते, पण ध्वनिक्षेपकाची आणि मिरवणुकीची परवानगी पोलिसांकडे असते. जमावबंदी जिल्हा प्रशासन लावते. गावातून जाणारा राज्यमार्ग बहुधा सार्वजनिक बांधकाम खात्याचा असतो. उपविधी, म्हणजे गावापुरते नियम, करायचे झाले तर त्यांना वरून मंजुरी लागते. मुख्याधिकारी शासनाचा नोकर असतो आणि सभेने केलेला ठराव कायद्याशी विसंगत आहे किंवा लोकहिताला बाधक आहे असे वाटल्यास जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. असे असूनही ही सत्ता लहान म्हणून सोडून देण्यासारखी नाही, कारण ती माणसाच्या अगदी अंगाला लागून असते. मंत्रालयाची पायरी न चढता माणसाचा जन्म जातो, पण नगरपरिषदेच्या रस्त्यावर पाय ठेवल्याशिवाय त्याचा एक दिवस जात नाही.

त्या अधिनियमातला एक शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. गावातले सार्वजनिक रस्ते, तळी, विहिरी, बाजार या साऱ्या गोष्टी नगरपरिषदेकडे निहित, म्हणजे कायद्याने सोपवलेल्या, असतात आणि त्या तिने ‘विश्वस्त’ म्हणून धारण करायच्या असतात. हा शब्द नवा नाही. मुंबई इलाख्यासाठी १९०१ साली झालेल्या जिल्हा नगरपालिका कायद्यातही तीच कल्पना होती. म्हणजे तळे पालिकेचे खरे, पण सावकाराचे शेत जसे सावकाराचे असते तसे नव्हे. दुसऱ्यांची वस्तू तिने सांभाळायची आहे. हा फरक कागदावर बारीक दिसतो. तो किती मोठा आहे हे पाहायचे असेल तर महाडला गेले पाहिजे.

मी निवृत्त झाल्यावर महाडला गेलो. चवदार तळे आज बांधून काढलेले आहे, पायऱ्या आहेत, बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि दरवर्षी १९ व २० मार्चला तिथे अलोट गर्दी लोटते. मी गेलो तो साधा दिवस होता. पायरीवर बसून मी १९२७चा विचार करत होतो, पण खरे सांगायचे तर माझ्या डोळ्यांपुढे सत्याग्रहाच्या आधीची तीन वर्षे होती. त्या तीन वर्षांत महाडच्या नगरपालिकेच्या ठराव पुस्तकात एक ठराव नुसता पडून होता.

हकिकत अशी आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, अशी त्यात शिफारस होती. सरकारने ती आपल्या खात्यांना आणि स्थानिक संस्थांना कळवली. महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. हे पाऊल सोपे नव्हते. त्या काळी नगरपालिकेचा मतदार मालमत्ता आणि कर यांच्या अटीतून गाळून आलेला असे, म्हणजे ज्यांच्यासाठी तळे खुले करायचे त्यांतल्या जवळपास कोणालाच त्या सभेत माणूस पाठवता येत नव्हता. तरीही ठराव झाला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी माणसे त्या नगरपालिकेत होती आणि पुढे ते सत्याग्रहाच्या बाजूने ठाम उभे राहिले, हे विसरता कामा नये.

पण ठराव झाला तरी तळ्यावर पाणी भरायला कोणी जाऊ शकले नाही, कारण गावाचा धाक तसाच होता. नगरपालिकेने तो ठराव राबवण्यासाठी काही केले नाही. बोले यांना १९२६ साली पुन्हा विधिमंडळात उभे राहावे लागले आणि जी स्थानिक संस्था हा ठराव पाळणार नाही तिचे अनुदान रोखावे, असे मांडावे लागले. सभा लिपिक म्हणून मी हे वाचले तेव्हा फार अस्वस्थ झालो. लोकांच्या बाजूचा ठराव लिहून झाला, त्याला क्रमांक पडला, सह्या झाल्या आणि तो कपाटात गेला, असे मी कितीदा पाहिले आहे. बाजार हलवण्याचा ठराव तीन आठवड्यांत अमलात आला. त्याच सभेत बाजारातल्या बायकांसाठी स्वच्छतागृह बांधण्याचाही ठराव झाला होता. मी निवृत्त होईपर्यंत त्याची निविदा निघाली नव्हती.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला जमलेल्या हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. सत्याग्रहाकडे आपण सहसा कायदा मोडण्याची कृती म्हणून पाहतो, पण महाडला त्या दिवशी कायदा मोडलाच गेला नव्हता. नगरपालिकेचा ठराव जागेवर होता आणि ती माणसे तो अमलात आणत होती. जे काम पालिकेने तीन वर्षांपूर्वी शिपाई आणि मुकादम उभे करून करायला हवे होते, ते लोकांनी स्वतः केले आणि त्यासाठी परतताना डोकी फोडून घेतली. पुढे सवर्णांनी पंचगव्य घातलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ केले.

त्यानंतर नगरपालिकेने जे केले ते मला सगळ्यांत जास्त लागते. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने १९२४चा आपला ठराव रद्द केला. बोले यांच्या ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. सभेची नोटीस निघाली असेल, विषय क्रमांक पडला असेल, सूचक आणि अनुमोदक यांची नावे नोंदली गेली असतील. रीत म्हणून त्यात कदाचित काही कमी नसेल. ज्या हाताने दार उघडले त्याच हाताने ते लावले. लहान गावच्या सत्तेचा दुबळेपणा इथे दिसतो: शेजारी, नातेवाईक, गिऱ्हाईक, मतदार हे सगळे एकच असतात आणि त्यांचा राग सभागृहाच्या दाराशीच उभा असतो.

पण प्रश्न असा की ठराव रद्द केल्याने काय झाले? तळे पुन्हा काही जातींचे झाले का? महाडच्या सवर्ण रहिवाशांनी न्यायालयात दावा लावला, डिसेंबर १९२७च्या दुसऱ्या परिषदेआधी मनाई हुकूम मिळवला आणि मुकदमा दहा वर्षे चालला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची प्राचीन वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. महाडच्या न्यायालयाने १९३१ साली ते नाकारले, ठाण्याच्या न्यायालयाने १९३३ साली अपील फेटाळले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या खंडपीठाने तो निर्णय कायम केला. तळे खासगी असल्याचा दावा टिकला नाही, ते नगरपालिकेचे ठरले. राहता राहिली वहिवाट, आणि ती अनादी काळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. ही वहिवाट सिद्ध झाली असती तर पालिकेकडे कायद्याने निहित झालेल्या तळ्यावर ती कितपत चालली असती, या अवघड प्रश्नात न्यायालय शिरले नाही.

माझ्या मते त्या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेने दिले. कलम १५च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा उल्लेख आहे. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या किंवा सामान्य जनतेसाठी दिलेल्या अशा जागांवर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या आधारे कोणालाही अडवता येणार नाही. बोले यांचा ठराव आणि हे कलम शेजारी ठेवून वाचा. पाणवठा तोच आहे. आणि कलम १२ प्रमाणे ‘राज्य’ या शब्दात स्थानिक प्राधिकरणेही येतात, म्हणजे आमची ‘क’ वर्गाची नगरपरिषद मूलभूत हक्कांपुढे केंद्र सरकारइतकीच बांधलेली आहे. आमच्या सभागृहात हे वाक्य मोठ्या अक्षरांत लावावे, असे मी नोकरीत असताना सुचवायला हवे होते.

महाडच्या तळ्याची आणि आमच्या बाजाराची बरोबरी मी करत नाही. तिथे प्रश्न माणूसपणाचा होता आणि त्या अपमानाला तोड नाही. सारखी आहे ती फक्त पालिकेची जागा. सार्वजनिक जागा सांभाळणाऱ्याने आपण तिचे मालक आहोत असे मानले की मग कोणाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे हा त्याला आपल्या मर्जीचा विषय वाटू लागतो. भाजीवालीच्या बाबतीत आमचे नेमके हेच झाले. रस्त्यावर विक्री करणे हा व्यवसायाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे आणि त्याचे नियमन करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग यांच्या खटल्यात १९८९ सालीच म्हटले होते. त्या भूमिकेला २०१४च्या पथविक्रेता अधिनियमाने हातपाय दिले. आधी सर्वेक्षण करायचे, विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचे, आणि तोवर कोणाला उठवायचे नाही. शहर फेरीवाला समिती नेमायची, तिचे अध्यक्ष मुख्याधिकारी, पण तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला. जागा हलवायची झाली तर तीस दिवसांची नोटीस. पन्नासहून अधिक वर्षे भरत आलेल्या बाजाराला वारसा बाजार मानून त्याला हलवायचे नाही, हेही त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. आमचा बाजार माझ्या आजोबांच्या आठवणीतला आहे.

यातली एकही गोष्ट आमच्याकडे झाली नव्हती. रुग्णवाहिकेला वाट हवी होती, यात वाद नाही. पण एका बाजूची रांग उठवून दुसरी ठेवता आली असती, वेशीजवळचा तिढा सोडवता आला असता, सोमवारी दुपारपर्यंत मोटारींना दुसऱ्या रस्त्याने पाठवण्याविषयी पोलिसांशी बोलता आले असते. आणि हे सगळे त्या विक्रेत्या बायकांना समोर बसवून ठरवता आले असते. बाजारात पावसाळ्यात पाणी कुठे तुंबते आणि गाडी कुठे अडते हे त्यांना आमच्या अभियंत्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. नव्या जागेवर बाजार चार सोमवार भरला. तिथे सावली नव्हती, एस.टी.तून उतरणारे गिऱ्हाईक तिथवर चालत जात नव्हते, आणि पाचव्या सोमवारी एकेक करून सगळे विक्रेते जुन्या जागी परत आले. ठराव आजही रद्द झालेला नाही. त्यामुळे दर सोमवारी त्या बाया फी देऊनही बेकायदा बसतात, आणि कोणाच्या मनात आले की पथक येऊ शकते. मनमानीला याहून सोयीची स्थिती नसते, म्हणून न राबवलेला आणि रद्दही न केलेला ठराव मला सर्वांत घातक वाटतो.

पुढे सभाच उरली नाही. २०२१च्या अखेरीपासून राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपत गेली, आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. घटनेने पाच वर्षांची मुदत सांगितली आहे, पण जवळपास चार वर्षे प्रशासक एकटेच सभा होते. विषयपत्रिका निघे, ठरावही होत, पण समोर बसून ‘हे का?’ असे विचारणारा कोणी नव्हता. प्रशासक म्हणून आलेले एक अधिकारी मनाने फार चांगले होते आणि कामाला वाघ होते, हे मी आवर्जून सांगतो. तरीही एका माणसाने घेतलेला चांगला निर्णय आणि वीस जणांनी भांडून घेतलेला निर्णय यांत फरक असतो, कारण दुसऱ्या निर्णयाच्या वेळी प्रेक्षकांत बसलेल्या माणसाने कारणे ऐकलेली असतात.

मधल्या काळात एक बरी गोष्ट झाली. २०२० साली पथविक्रेत्यांसाठी दहा हजार रुपयांच्या कर्जाची स्वनिधी योजना आली आणि तिच्या निमित्ताने आमच्या गावात पहिल्यांदा विक्रेत्यांची यादी झाली. मावशीकडे यादी करणारा मुलगा आला, तेव्हा मी शेजारच्या टपरीवर उभा होतो. किती वर्षे बसता, असे त्याने विचारले. तिने बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात वर्षावर्षाच्या पावत्या वेगवेगळ्या दोऱ्यांनी बांधून ठेवलेल्या होत्या, तळाच्या पावत्यांवरची शाई उडून गेली होती आणि फी आठ आण्यांची होती. मुलाने त्या हातात घेऊन पाहिल्या आणि वर्षांच्या रकान्यात जेवढे दोन अंक मावत होते तेवढे लिहिले.

नवी सभा आता आली आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत फेरीवाला समितीच्या निवडणुकीचा आणि २०१७च्या त्या ठरावाच्या फेरविचाराचा विषय घ्यावा, असा अर्ज मी नागरिक म्हणून दिला आहे. सोबत अधिनियमाची प्रत, जुन्या ठरावाची नक्कल आणि मावशीच्या परवानगीने काढलेल्या तीन पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. आवक क्रमांक मिळाला आहे. सभेच्या दिवशी प्रेक्षकांच्या बाकावर मी बसणार आहे, आणि सोमवार नसेल तर मावशीही येणार आहे.